उसाच्या फडातील शेजारी

कोल्हापूर हे नाव प्रथमच ऐकणाऱ्या परगावच्या मुलांची अशी समजूत होते की, या गावी पूर्वी कोल्हे फार असावेत व त्यांच्यावरून गावाला हे नाव पडले असावे. करवीरमाहात्म्यातील कथा निराळी आहे. महालक्ष्मीने कोल्हासुर नावाच्या दैत्याचा वध केला आणि त्याचे नाव या क्षेत्राला मिळाले, असे ती सांगते. ललितापंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर कोहळा फोडतात, तो त्या दैत्याचे प्रतीक मानूनच. तेव्हा गावाच्या नावाचा आणि कोल्ह्याचा संबंध जोडायला नको. पण गावाचा आणि कोल्ह्याचा संबंध मात्र आहे, आणि तो रोजचा आहे. वडणगे, चिखली, आंबेवाडी, शिये अशा पंचगंगेकाठच्या गावांत राहणाऱ्या तुमच्यापैकी पुष्कळांनी दिवेलागणीनंतर उसाच्या रानातून येणारी कोल्हेकुई ऐकली असेल. एकाने सूर धरला की दुसरा त्यात मिसळतो आणि दोन-तीन मिनिटांत सारे पुन्हा शांत होते. शहरात राहणाऱ्यांनीही ती ऐकण्याची शक्यता आता वाढते आहे, कारण शहरच उसाच्या रानाकडे सरकत चालले आहे.

हा शेजारी कोण, तो इथे का राहतो, त्याच्यापासून आपल्याला काय धोका आहे आणि त्याच्याशी कसे वागावे याविषयी कायदा काय म्हणतो, ते आपण या लेखात पाहू.

हा प्राणी ओळखण्यात आपली नेहमी एक चूक होते. इंग्रजी वाचनमालेतील ‘फॉक्स’ या शब्दापुढे आपण बिनदिक्कत ‘कोल्हा’ असे लिहितो. वास्तविक आपला कोल्हा म्हणजे इंग्रजीतील ‘जॅकल’. फॉक्सच्या जातकुळीतला आपल्या माळरानावरचा प्राणी म्हणजे खोकड. ते मांजराहून थोडेसेच मोठे असते. कोल्हा त्याहून मोठा, साधारण आठ ते दहा किलो वजनाचा. गावठी कुत्र्यापेक्षा तो सडसडीत दिसतो. रंग पिवळसर करडा, पाठीवर काळे केस मिसळलेले, तोंड निमुळते आणि शेपटी आखूड, काळ्या टोकाची. त्याचे शास्त्रीय नाव ‘कॅनिस ऑरियस’. ऑरियस म्हणजे सोनेरी. कुत्रा, लांडगा, कोल्हा आणि उत्तर अमेरिकेतील कायोटी हे चौघेही कॅनिस या एकाच प्रजातीतले आहेत. चौघांच्याही पेशींत ७८ गुणसूत्रे असतात. हे नाते लक्षात ठेवा. पुढे रोगांचा विचार करताना ते आपल्या उपयोगी पडेल.

‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण तुम्ही व्याकरणाच्या तासाला पाठ केली असेल. क्षुल्लक गोष्टीवर समाधान मानणाऱ्या माणसाला ती लावतात. पण म्हण करणाऱ्याचे निरीक्षण किती अचूक होते पाहा! मांसाहारी गणातला हा प्राणी खरोखरच काकडी खातो. उंदीर, घुशी, ससे, जमिनीवर घरटी करणारे पक्षी व त्यांची अंडी, सरडे, खेकडे, किडे, मेलेली जनावरे, बोरे, जांभळे, मक्याची कोवळी कणसे, भुईमुगाच्या शेंगा आणि अर्थात ऊस, यांपैकी जे सहज मिळेल ते त्याला चालते. बोरांच्या दिवसांत त्याची विष्ठा काडीने उकलून पाहिली तर तीत बोराच्या आठळ्या व उंदराचे केस शेजारीशेजारी सापडतात. या आठळ्या त्याच्या पोटातून शाबूत बाहेर पडतात आणि झाडापासून दूर कुठे तरी रुजतात.

असा सर्व काही खाणारा प्राणी माणसाच्या वस्तीजवळ टिकतो. वाघाला मोठे जंगल लागते. कोल्ह्याला दिवसा दडायला दाट आडोसा आणि रात्री फिरायला शिवार एवढे पुरते. कोल्हापूर जिल्ह्यात हा आडोसा उसाने पुरवला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस पंधरा ते अठरा महिने रानात उभा असतो. पुरुषभर उंचीच्या त्या पिकात माणूस क्वचितच शिरतो, आत सावली असते, पाटाचे पाणी असते आणि मुळांवर व कांड्यांवर जगणाऱ्या उंदरांचा तर सुकाळ असतो. कोल्ह्याच्या दृष्टीने हे जंगलच आहे. फरक इतकाच की, या जंगलाची दरवर्षी तोड होते.

साखर कारखान्यांचे गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होते व उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते. या चार-पाच महिन्यांत एकामागून एक फड मोकळे होतात, पाचट पेटवले जाते आणि कोल्ह्यांना उरलेल्या उभ्या उसात, ओढ्याच्या काठी किंवा गावाच्या बाजूला सरकावे लागते. नेमक्या याच काळात ‘यंदा कोल्ह्यांचा सुळसुळाट झाला’ अशी तक्रार ऐकू येते. येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. एखादा प्राणी जास्त दिसू लागला म्हणजे तो संख्येने वाढला असेलच असे नाही. पडदा दूर झाल्यावर रंगमंचावरची माणसे दिसू लागतात. ती त्या क्षणी आलेली नसतात. पावसाळ्यात पंचगंगेचे पाणी मळ्यांत शिरते, तेव्हाही हेच होते. २०१९ च्या ऑगस्टमधील महापूर तुमच्या घरच्यांना चांगलाच आठवत असेल. अशा वेळी माणसे जशी उंचावर जातात तशीच जनावरेही.

आता तक्रारीची दुसरी बाजू पाहू, कारण ती खोटी नाही. शेतीपंपाला वीज रात्रीची असली की शेतकऱ्याला अंधारात पाणी पाजायला जावे लागते. बॅटरीच्या उजेडात समोर दोन डोळे चमकले की त्याच्या छातीत धस्स होते. सकाळी खुराड्यातली कोंबडी नाहीशी झालेली असते. कधी एखादे करडू जाते. ज्याचे चार शेळ्यांवर घर चालते, त्याला ‘निसर्गातील समतोल’ हे शब्द ऐकवून काही उपयोग नाही. त्याचा प्रश्न सरळ आहे: ‘हे कोल्हे मारून किंवा धरून लांब का सोडत नाही?’

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेने फार मोठा खर्च करून शोधले आहे. तिकडचा कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा थोडा मोठा चुलतभाऊ. मेंढपाळांच्या तक्रारींवरून त्याला गोळ्या घालणे, सापळे लावणे, विष घालणे हे उद्योग तेथे शंभराहून अधिक वर्षे चालू आहेत. अलीकडच्या वर्षांतही एकट्या संघराज्य सरकारची माणसे वर्षाला साठ हजारांच्या आसपास कायोटी मारतात. परिणाम काय झाला? विसाव्या शतकाच्या आरंभी मुख्यतः पश्चिमेकडच्या गवताळ प्रदेशात व वाळवंटात राहणारा हा प्राणी आज अटलांटिक किनाऱ्यापर्यंत आणि दक्षिणेस पनामापर्यंत पसरला आहे. शिकागोसारख्या महानगरातही त्याची बिऱ्हाडे आहेत. तेथे २००० सालापासून कायोटींच्या गळ्यात रेडिओचे पट्टे घालून त्यांचा अभ्यास चालू आहे. लोकांना पत्ताही लागू न देता ते रात्री वावरतात आणि प्रामुख्याने उंदीर-सशांसारख्या प्राण्यांवर जगतात, असे त्यातून दिसून आले.

मारूनही ते कमी का होत नाहीत? समजा, एका शिवारात कोल्ह्यांची एक जोडी राहते. ती आपल्या हद्दीत दुसऱ्या जोडीला सहसा थारा देत नाही. तुम्ही ही जोडी मारलीत. पण उंदीर, उकिरडा आणि ऊस जागच्या जागीच राहिले. मग शेजारच्या शिवारातील, अजून हद्द न मिळालेली तरुण जनावरे ती मोकळी जागा बळकावतात. जुनी जोडी निदान गावाला सरावलेली, माणसाला टाळून वागणारी होती. नव्यांना गाव परके असते.

धरून लांब सोडण्याचा अनुभव तर आपल्या महाराष्ट्रातच घेऊन झाला आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात उसात राहणारे बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम २००१ च्या सुमारास हाती घेण्यात आली. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोहिमेचा पुढे अभ्यास केला. मोहिमेपूर्वी वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत. मोहीम सुरू झाल्यावर २००१ ते २००३ या काळात ही सरासरी १७ वर गेली. बिबट्या आणि कोल्हा यांत फार अंतर आहे हे खरे. तरीही जनावर उचलून अनोळखी मुलखात टाकले की प्रश्न सुटत नाही, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण अधिनियम हा १९७२ चा. त्यात प्राण्यांच्या अनुसूची म्हणजे याद्या आहेत. कोल्हा पूर्वी दुसऱ्या अनुसूचीत होता. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि कोल्हा पहिल्या अनुसूचीत गेला. वाघ ज्या यादीत आहे तीच ही यादी. तिच्यातील प्राण्याची शिकार केल्यास तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

‘शिकार’ या शब्दाची कायद्यातील व्याख्या मुद्दाम समजून घ्या, कारण आपल्या नेहमीच्या बोलण्यातील अर्थापेक्षा ती पुष्कळ व्यापक आहे. ठार मारणे, जखमी करणे आणि विष घालणे तर तीत येतेच. पण पकडणे, फासे किंवा सापळे लावणे, आमिष ठेवणे, पाठलाग करणे, हाकारा घालणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हीसुद्धा शिकारच ठरते. अंगणात आलेल्या कोल्ह्याला ओरडून घालवणे निराळे. काठ्या व कुत्री घेऊन दहा जणांनी फडाला वेढा घालणे निराळे.

मग धोकादायक जनावराचे काय? त्याचीही तरतूद आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राणी मनुष्याच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा रोगग्रस्त असेल, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतात. तीही, प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा हलवणे शक्य नाही अशी त्यांची खात्री झाल्यावरच. पिकाचे नुकसान हे कारण दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यांना लागू आहे, पहिलीतील नव्हे. म्हणजे काकडीच्या वाफ्यासाठी आता कोल्हा मारण्याची परवानगी मिळू शकत नाही. अंगावर आलेल्या प्राण्यापासून स्वतःचा वा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिक हेतूने तो मारला गेला, तर मात्र तो गुन्हा नाही.

शेतकऱ्याला हा कायदा जाचक वाटतो, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. वन्यप्राण्यांनी माणसाला किंवा पाळीव जनावरांना इजा केल्यास शासनाकडून अर्थसाहाय्य मिळण्याची सोय आहे. परंतु त्यासाठी वनखात्याला ताबडतोब कळवून पंचनामा व्हावा लागतो. माझ्या मते कायदा पाळला जाणे न जाणे हे पुष्कळ अंशी या पंचनाम्यावरच अवलंबून आहे. तो वेळेवर झाला तर माणूस फास लावायला जात नाही. आणि फास कोल्हा ओळखून धरत नाही हेही खरे. रानडुकरासाठी ठेवलेला गावठी बॉम्ब गाईच्या तोंडात फुटतो. कुंपणात सोडलेली वीज पाणी पाजायला आलेल्या माणसाचा जीव घेते.

याच संदर्भात ‘कोल्ह्याचे शिंग’ या नावाने जत्रेत विकल्या जाणाऱ्या वस्तूविषयी दोन शब्द. ते जवळ बाळगले की धन मिळते, कज्जा जिंकता येतो, असे सांगतात. कोल्ह्याच्या कवटीला शिंग नसते, कधीच नसते. तुमच्या गावात कोणी ते विकत असेल तर तो एक तर केसाळ कातड्याची गाठ विकून लोकांना फसवतो आहे, किंवा त्यासाठी खरोखरच कोल्हा मारला गेला आहे.

मग करायचे काय?

धनगर पूर्वापार जे करत आले ते. मेंढरे शेतात बसवताना ते रात्री कळपाभोवती वाघूर म्हणजे जाळे लावतात, कुत्री राखणीला ठेवतात आणि स्वतः तेथेच झोपतात. कोंबड्यांच्या खुराड्यालाही हाच न्याय. कोल्हा जमीन उकरून आत शिरतो, म्हणून खुराड्याची जाळी जमिनीत वीतभर पुरावी आणि कडी रोज सूर्यास्तापूर्वी लागावी. करडे रात्री गोठ्यात असावीत. शहराच्या कडेला तर याहून सोपे पण टाळले जाणारे एक काम आहे. चिकनच्या दुकानातील पिसे-आतडी ओढ्यात किंवा रस्त्याकडेला टाकली जातात. त्यावर उंदीर, कुत्री आणि कोल्हे असे तिघेही पोसले जातात. अमेरिकेतील अनेक शहरांत कायोटीला खाऊ घालण्यासच बंदी आहे, कारण हातून अन्न मिळू लागले की जनावराची भीड मोडते. तेथे लोकांना असेही शिकवतात की, कायोटी जवळ आला तर पळू नये. उभे राहून मोठ्याने ओरडावे, डबा वाजवावा, पाणी फेकावे आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवावी. कोल्ह्याच्या बाबतीतही एवढे पुरते.

गर्दी मात्र करू नये. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूड भागात एक गवा शिरला. लोकांचे लोंढे त्याच्यामागे धावले, तो उभ्या शहरातून धावत सुटला आणि अखेर मरण पावला. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात कोल्हापूरच्या वेशीवर गवा आला, तेव्हाही बघ्यांना आवरणे हेच मोठे काम होऊन बसले होते.

ऊसतोडीच्या वेळी फडात पिल्ले सापडतात, तेव्हा तुमच्यासारख्या मुलांच्या मनात ती घरी नेण्याचा मोह होतो. ती अनाथ नसतात. आई जवळच्या सरीत माणसे जाण्याची वाट पाहत असते. पिल्लू उचलून नेणे म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘पकडणे’. तेवढा पट्टा तोडायचा ठेवून टोळीला बाजूला घ्यावे आणि वनखात्याला कळवावे. महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ असा आहे.

आता खऱ्या धोक्याकडे वळू. निरोगी कोल्हा माणसावर हल्ला करण्याच्या भरीस पडत नाही. दिवसा दिसला म्हणून तो पिसाळलेला आहे असेही नाही. पण जो माणसाकडे सरळ चालत येतो, झोकांड्या खातो, लाळ गाळतो, दिसेल त्याला चावतो, त्याच्यापासून दूर राहावे. मुंबईत चेंबूर भागातील कोल्ह्यांना रेबीज झाल्याचे २०२४ मध्ये तपासणीत आढळले. कुत्रा व कोल्हा एकाच प्रजातीतले हे आपण वर पाहिले. त्यामुळे कुत्र्याचा रेबीज कोल्ह्याला होतो, कोल्ह्याचा कुत्र्याला, आणि दोघांचाही माणसाला. म्हणून भटक्या कुत्र्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण हा कोल्ह्यांच्या बंदोबस्ताचाच भाग आहे. प्राणी जन्मनियंत्रण नियम २०२३ नुसार हे काम महानगरपालिका, नगरपालिका व ग्रामपंचायत यांचे आहे.

चावा झालाच तर? जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पाहा, पंधरा मिनिटे हा फार मोठा वेळ असतो. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. लगेच सरकारी दवाखाना गाठावा. पाळलेला कुत्रा चावल्यास त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवण्याची पद्धत आहे, ती वन्यप्राण्याला लागू नाही. वन्यप्राण्याचा चावा सर्वांत गंभीर वर्गातला धरून लस आणि रेबीजविरोधी प्रतिद्रव्य ही दोन्ही दिली जातात. चावल्यानंतर लस टोचून उपयोग कसा होतो, हा प्रश्न तुम्हांला पडायला हवा. रेबीजचा विषाणू जखमेपासून मेंदूपर्यंत मज्जातंतूंच्या वाटेने जातो आणि या प्रवासाला बहुधा काही आठवडे लागतात. तेवढ्यात लस शरीराला प्रतिकार तयार करू देते. १८८५ साली लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर केलेला उपचार याच अवधीवर विसंबलेला होता. विषाणू मेंदूत पोहोचून लक्षणे दिसू लागली की मात्र उपाय जवळजवळ उरत नाही.

शेवटी एक प्रात्यक्षिक. करडू मारले गेले की दोष कोल्ह्यावर येतो. पुष्कळदा ते काम मोकाट कुत्र्यांच्या टोळीचे असते. पंचनाम्याच्या वेळी हा वाद हमखास निघतो. तेव्हा ठसे ओळखायला शिका. पाणी पाजलेल्या शेताच्या बांधावर सकाळी लवकर जा. कुत्र्याचा ठसा रुंद असतो व बोटांच्या गाद्या एकमेकींपासून सुट्या उमटतात. कोल्ह्याचा ठसा अरुंद, लांबट असतो आणि पुढच्या पायाच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या टोकाला एकमेकींना जोडलेल्या असतात. ठशाभोवती पुठ्ठ्याची पट्टी उभी करून आत प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा पातळ लगदा ओता. अर्ध्या तासाने साचा उचला, त्यावर तारीख, शिवार आणि जवळच्या उसाची अवस्था लिहा. कोल्हेकुईचीही अशीच नोंद ठेवा: वेळ, दिशा आणि साधारण किती आवाज. ऑक्टोबरपासून मेपर्यंत नोंदी झाल्या की त्या गावातील ऊसतोडीच्या तारखांशेजारी मांडून पाहा.